समुद्रात न गेलेलं पाणी

भोगवेलच्या सागर-केंद्रातल्या त्या यंत्राचं कागदोपत्री नाव सात शब्दांचं होतं आणि त्यातला एकही शब्द गावात कुणाच्या जिभेवर बसला नव्हता. म्हणून गावानं त्याला आत्याबाई म्हणायला सुरुवात केली. कारण उघड होतं. कुणाच्या घरी कोण आलं, कधी आलं आणि किती वेळ बसलं, हे उंबऱ्याबाहेर न पडता सांगणारी एक बाई प्रत्येक वाडीत असतेच. हे यंत्र समुद्राच्या बाबतीत तेच करायचं.

मासा पाण्यातून जातो तो नुसता जात नाही. अंगाचा चिकटा, खवल्याचा कण, पोटातली घाण, काही ना काही मागं सोडून जातो, आणि त्या प्रत्येक कणात त्याच्या जातीचा डीएनए असतो. बाटलीभर पाणी गाळायचं, गाळणीवर राहिलेलं आत्याबाईच्या पोटात घालायचं, की तासाभरात कागद बाहेर येई: बांगडा, तारली, सौंदाळा, अमुक इतकं, तमुक तितकं. आणखी एक गंमत होती. ताजा डीएनए लांबलचक असतो. मग ऊन, मीठ आणि जंतू मिळून त्याचे तुकडे पाडत राहतात. केंद्रात विद्यार्थ्यांना नमुने घ्यायला शिकवणाऱ्या डॉ. सारिका कोळेकर हे फार छान समजावून सांगायच्या. "आख्खं पत्र हाती आलं तर पाहुणा आजच येऊन गेला. चिटोरे हाती आले तर येऊन बरेच दिवस झाले, नाहीतर तो लांब कुठंतरी आहे आणि प्रवाहानं चिटोरे वाहून आणलेत."

सारिका मूळची जतची. लहानपणी तिच्या गावात पाणी टँकरनं यायचं, आणि समुद्र शाळेतल्या नकाशावर निळ्या खडूनं रंगवलेला असायचा. अशी मुलगी समुद्रशास्त्रज्ञ झाली यात विद्यापीठाचा जेवढा वाटा होता, त्याहून मोठा वाटा होता सगुण तांडेलांचा. सगुण तारी हे केंद्राच्या बोटीचे तांडेल. बोट चालवायचे तेच आणि नमुन्याच्या बाटल्या दोरानं खाली सोडायचेही तेच. बावीस वर्षांपूर्वी सारिका इथं पहिल्यांदा आली तेव्हा दोर कसा धरायचा, लाटेच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, पाण्याचा रंग कधी खोटं बोलतो, हे सगळं तिला त्यांनीच शिकवलं. तेव्हा ते तिला 'बाय' म्हणायचे. पुढं ती केंद्राची प्रमुख झाली, तरी बायच राहिली.

आता घोळीचं सांगायला हवं. घोळ हा मोठा, देखणा, एके काळी भोगवेलच्या जाळ्यात हमखास येणारा मासा. पंचवीस वर्षांत तो कुणाला दिसला नव्हता. आणि अडीच वर्षांपूर्वी, आत्याबाई नवी आली तेव्हा, एका सकाळी आत्याबाईनं कागद काढला: ठिकाण क्रमांक एक, काळ्या कातळाखालची खाजण, घोळ. चिटोऱ्यांतच, पण घोळ. नंतर पुन्हा. नंतर पुन्हा पुन्हा. सारिकानं त्यावर लेख लिहिला की बाहेरच्या खडकांत घोळीनं अंडी घालायची जागा धरली असावी आणि भरती तिचे चिटोरे आत आणत असावी. तोवर नवा कायदा आला होता. दुर्मीळ माशाची पाण्यानं साक्ष दिली, तर त्या जागी दोन वर्षं जाळं बंद. साक्ष टिकली तर कायमचं बंद.

अडचण अशी की गावाची रापण त्याच खाजणीत, वाळूला लागून आत वळलेल्या त्या उथळ पाण्यात, ओढली जायची. रापण म्हणजे एक भलं लांब जाळं होडीनं समुद्रात फिरवून टाकायचं आणि दोन्ही टोकांनी साठ-सत्तर माणसांनी किनाऱ्यावर ओढायचं. ज्याचा हात दोराला लागला त्याला मासळीत वाटा. रापण ओढायला दुसरी वाळू गावाकडं नव्हती. गाव पेटलंच असतं, पण सगुण तांडेल दारोदार फिरले. "माझ्या बापाशीचो मासो परत इलो," म्हणाले. "दोन वर्सां कळ काढा. मी जबान देतंय." आणि ज्या माणसानं कधी चार आण्याची बढाई मारली नव्हती, त्याच्या शब्दावर गावानं दोन वर्षं जाळं माळ्यावर टाकलं.

ती दोन वर्षं आता संपत आली होती. येत्या सोमवारी शाळेत सभा होती. अधिकारी येऊन कायमच्या बंदीवर सही करणार होते.

त्याआधीच्या शुक्रवारी सारिका नव्या तुकडीला बोटीवर घेऊन गेली. फेरी नेहमीचीच: एक ते सहा, ओळीनं सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी एक बाटली. तुकडीत औशाची ओवी साळुंके होती. हुशार, सगळं लिहून घेणारी आणि समुद्र आयुष्यात पहिल्यांदा बघणारी. तिच्याकडं काम होतं कोऱ्या बाटलीचं. या बाटलीत केंद्रातलंच उकळून गाळलेलं पाणी असतं. ती समुद्रात सोडायची नसते; पहिल्या ठिकाणी मिनिटभर उघडायची आणि बंद करायची. तिचा निकाल रिकामा यायला हवा. काही आलंच, तर ते समुद्रातलं नाही, आपल्या हातून पडलेलं. "आपल्याच चुकीसाठी आपणच लावलेला सापळा," असं सारिका म्हणायची. एरवी ती स्वतःच आत केबिनमध्ये बसून ती बाटली उघडायची. आज म्हटलं, मुलं शिकायला आलीत, करू दे.

काळ्या कातळाखाली बोट थांबली आणि डोलायला लागली. ओवीनं बाटलीचं झाकण काढलं, तिचा चेहरा पालकाच्या पानासारखा झाला, बाटली तिनं तांडेलांच्या हातात कोंबली आणि ती कठड्यावर ओणवी झाली.

"ओक गो बाय, ओक," तांडेल तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "लाजा नको. ही मॅडम पयल्या दिसा सात येळा ओकलेली."

"सहा," सारिका म्हणाली.

"सात. सातवी धक्क्यार उतरल्यार."

पोरं हसली, ओवीही ओकता ओकता हसली. तांडेलांनी त्या बाटलीच्या तोंडाला मनगट टेकवलं, मग हात कपाळाला लावला. दिवसाची पहिली वस्तू पाण्यात सोडताना ते असं करायचे, दर्याला सांगून. ते दोर बांधायला लागले तेव्हा ओवी ओरडली, "काका, ती नाही! ती कोरी आहे!" तांडेलांनी जीभ चावली, बाटली परत दिली, आणि दुसरी घेतली.

दुपारी आत्याबाईचा कागद आला. ओवी मोठ्यानं वाचत होती. वाचता वाचता अडखळली.

"मॅडम, कोऱ्या बाटलीत घोळ आलीय."

"पुन्हा वाच."

"घोळ. चिटोरे. मॅडम, माझं काही चुकलं का? पण मी घोळ कधी पाहिलीसुद्धा नाही. आमच्या बाजारात नुसता तळ्यातला कटला येतो."

"तू नीट केलंस," सारिका म्हणाली. "जा, जेवून घे."

ती गेल्यावर सारिकानं आजवरचे सगळे निकाल समोर मांडले. घोळ एकसष्ट वेळा आली होती. एकसष्टच्या एकसष्ट वेळा ठिकाण क्रमांक एक. शेजारच्या दोन नंबरला एकदाही नाही. आणि एकदाही आख्खं पत्र नाही, प्रत्येक वेळी चिटोरे. या गोष्टीला तिनं प्रवाहाचं कारण दिलं होतं, तक्त्यांसकट, चौदा पानांत. आता समुद्रात गेलेलंच नाही अशा पाण्यात तेच चिटोरे निघाले होते. तिथं कुठला प्रवाह आणायचा?

मग तिनं केंद्राच्या नियमांची जुनी वही काढली. 'नमुना घेताना सर्वांनी मनगट झाकतील असे हातमोजे घालावेत. दोर हाताळणाऱ्यास सूट.' खाली तिचीच सही. ओला दोर मोज्यांतून निसटतो, आणि निसटला तर बोटं जातात. म्हणून ही सूट तिनं स्वतः दिली होती. तेव्हा बाटल्यांतून फक्त मीठ आणि प्राणवायू मोजायचे, हाताला कुणी विचारत नव्हतं. आत्याबाई आली तेव्हा सगळे नियम नवे झाले. हे एक वाक्य तेवढं तसंच राहिलं.

शनिवारी सकाळी ती तांडेलांना म्हणाली, "आज उलटं जाऊ. सहा नंबरपासून सुरुवात."

"कित्याक?"

"मुलांना सवय हवी."

तांडेलांनी तिच्याकडं एकदा पाहिलं आणि सुकाणू फिरवलं. सहा नंबर म्हणजे खाडीच्या आतला चिखल. घोळ तिथं सापडणं म्हणजे आडात सुरमई सापडणं. सारिका त्यांच्या हाताकडं बघत उभी राहिली. बावीस वर्षं हा हात तिनं पाहिला होता. याच हातानं पहिल्या वर्षी तिला पाण्यातून ओढून वर काढलं होतं. मनगटावर काळा दोरा, दोऱ्यात घेवड्याच्या दाण्याएवढा पांढरा खडा. घोळीच्या डोक्यात, कानाशी, असे दोन खडे असतात. तांडेलांच्या वडिलांनी त्यांच्या शेवटच्या घोळीतला एक काढून मुलाच्या हातात बांधला होता. ही गोष्ट ते प्रत्येक तुकडीला सांगायचे आणि प्रत्येक तुकडी त्या खड्याचा फोटो काढायची. सारिकाकडंही एक होता.

तांडेलांनी बाटली उचलली. तोंडाला मनगट टेकवलं. खडा कडेवरून घासत गेला, तिथंच झाकणाची रबरी खाच होती. हात कपाळाला. बाटली पाण्यात. पुढच्या पाच बाटल्यांना त्यांनी मनगट लावलं नाही. देवाला दिवसातून एकदाच सांगायचं असतं.

दुपारी कागद आला. सहा नंबरच्या चिखलात घोळ होती. एक नंबरला नव्हती.

सारिकानं तो कागद घडी करून वहीत ठेवला. गप्प बसणं सोपं होतं, हे तिला दिसत होतं. गप्प बसली तर लेख शाबूत, खाजण सुरक्षित, तांडेलांचा शब्द खरा. नुकसान एवढंच की दोनशे घरांची रापण कायमची जाणार, आणि तीही एका खड्यापायी. आणि बोलली, तर ज्या माणसानं तिला समुद्र दिला, त्याला ती सगळ्या गावासमोर खोटा पाडणार.

रविवारी ती धक्क्यावर गेली. तांडेल दोराला दोर गुंफत बसले होते. ती शेजारी बसली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. तक्ते न काढता, जसं जतला आईला सांगितलं असतं तसं. तांडेलांचे हात थांबले.

"कोणाक म्हायत आसा ह्यां?"

"मला. ओवीला थोडंफार."

"तू गप बसतलंस?"

"नाही."

"मगे माका इचारतंस कित्याक?"

"विचारत नाही, तांडेल. सांगायला आले. उद्या सभेत कळण्याआधी तुम्हाला कळावं म्हणून."

तांडेलांनी मनगट उलटं करून खड्याकडं पाहिलं. "म्हणजे दोन वर्सां आत्याबाई माझ्या बापाशीचीच घोळ सांगी हुती."

"हो."

"म्हणजे ती खोटां नाय बोलली."

"नाही. ती खरंच बोलली. आम्ही चुकीचं ऐकलं."

"आणि मी," तांडेल म्हणाले, "मी ह्या वयात रोज सकाळी उठान पाण्यात बघी हुतंय, खंय वर येता काय म्हणान." ते हसायला गेले, पण हसू ओठापर्यंत आलं नाही. "दोनशे घरां बसली गो माझ्या जबानीर."

"नियम माझा होता. तसंच सांगणार आहे मी. तुमचं नाव घ्यायची गरज नाही."

तांडेल उठले, आणि अर्धा गुंफलेला दोर तिथंच टाकून घराकडं चालू लागले.

सोमवारी शाळेचा वर्ग भरून बाहेर ओटीवरही माणसं होती. अधिकाऱ्यांनी सहीचा कागद काढून पेनाचं टोपण उघडलं, तेवढ्यात सारिका उभी राहिली. पाच मिनिटांत तिनं सांगितलं: पाण्याची साक्ष खरी नाही, बाटलीत घोळ बाहेरून गेली, हातमोज्यांचा नियम तिनं बदलायला हवा होता तो बदलला नाही, आणि तो लेख ती मागं घेते आहे.

"म्हणजे घोळ नाय?" मागून कुणीतरी विचारलं.

"घोळ आहे असा एकही पुरावा नाही."

मग जे व्हायचं ते झालं. "दोन वर्सां भायर कामाक गेलेल्या झिलांच्या पैशांर जगलों आमी!" "शिकलेली माणसां ही!" "बाईक इचारा, बाटलेत घोळ घातली कोणी? उडान गेली?"

"मी घातलंय."

दाराशी सगुण तांडेल उभे होते. त्यांनी टोपी काढली.

"बाय काय सांगता तां अर्धा आसा. बाटलेक हात माझो लागलो, बापाशीच्या खड्याचो. माका म्हायत नव्हतां, पण हात माझो. आणि तुमच्या दारात जबान देवक मीच इल्लंय, बाय नाय. शिव्या घालूच्या आसतीत त्या माका घाला. हय उभो आसंय."

सगळ्यांनी शालनकाकीकडं पाहिलं. रापणीच्या वाटणीत जिचा शब्द शेवटचा असतो, ती ही बाई. तांडेलांहून चार वर्षांनी मोठी आणि जिभेनं चाळीस वर्षांनी तरुण.

"सगुण्या," शालनकाकी म्हणाली, "बस मेल्या खाली. गुडघे दुखतत तुझे, आणि माका मान वर करून शिव्या घालूक जमणा नाय."

कुणीतरी खुदकन हसलं. तांडेल बसले नाहीत.

"दोन वर्सां माझी सून माका रोज इचारी, आज काय शिजवूचां," काकी पुढं म्हणाली. "तां मी इसारतलंय नाय. पण तू आमका फसवूक फिरलंस नाय, तू स्वताच फसलंस. आणि ही बाई आज गप बसली आसती तर आमका मरासर कळला नसतां." मग ती अधिकाऱ्यांकडं वळली. "सायबानू, त्या पेनाक टोपण लावा. आणि जाळां कधी टाकूचां तां सांगा."

साहेब भले होते. त्यांनी सारिकाला एवढंच विचारलं, "हे लेखी द्याल ना, मॅडम?"

"दिलंय. तुमच्या हातातल्या कागदाखाली आहे."

साक्ष मागं घेतली म्हणजे बंदीही गेली. विद्यापीठाची पत्रं मात्र आठवडाभर येत राहिली. एकात लेखाबद्दल खुलासा मागितला होता. तो तिनं दिला. दुसऱ्यात 'दोर हाताळणारी व्यक्ती बदलावी' असं सुचवलं होतं; त्यावर तिनं उत्तर पाठवलं की व्यक्ती बदलणार नाही, नियम बदलला आहे, आणि ओल्या दोरावर न घसरणारे मोजे मिळतात ही माहिती तिला वीस वर्षांपूर्वीच शोधता आली असती. पण ज्यांच्यासाठी ती भांडत होती ते तांडेल धक्क्यावर फिरकलेच नाहीत. बोट बांधूनच राहिली. पोरं किनाऱ्यावरून गुडघाभर पाण्यात बाटल्या बुडवून शिकत राहिली, आणि ओवी रोज सकाळी विचारत राहिली, "काका आजारी आहेत का?"

पुढच्या रविवारी दुपारी खाजणीत रापण पडली. सारिका जाणार नव्हती. कुठल्या तोंडानं जायचं? पण पोरांनी ऐकलं नाही. सगळ्या तुकडीला दोर ओढायचा होता. ती लांब सुरूच्या सावलीत उभी राहिली, तर शालनकाकीची हाक आली, "गो मॅडम! उभ्यान बघूक हय नाटक नाय लागलेला. हात लाव!"

तिनं हात लावला. पुढं ओवी होती, मागं कुणी अनोळखी बाई, आणि दोराच्या अगदी टोकाला, कमरेएवढ्या पाण्यात उतरलेले सगुण तांडेल. कुणीतरी हाळी द्यायचं, सगळे एकदम मागं झुकायचे, वाळू टाचांखालून सरकायची. तासाभरानं जाळ्याचा पोटवळा किनाऱ्याला आला आणि पाणी चांदीसारखं उसळायला लागलं. बांगडे. नुसते बांगडे, तळहातापेक्षा मोठे, आणि त्यांच्यात तारल्या, सौंदाळे. इतका मोठा बांगडा या वाळूवर बऱ्याच वर्षांत आला नव्हता.

"चुकान का होयना," शालनकाकी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दर्याक दोन वर्सां इसावो गावलो. पुढच्या पावसाळ्यानंतर आपणच म्हयनोभर थांबूया काय? आत्याबाईक न इचारता?"

"आदी आजचां खावया," कुणीतरी म्हणालं.

तांडेल वाकून जाळ्यातला मासा न् मासा बाजूला करून बघत होते. सगळ्यांना कळत होतं ते काय शोधताहेत. शेवटी ते सरळ उभे राहिले, आणि त्यांनी 'नाही' अशी मान हलवली.

वाटे पडले. शालनकाकीनं सारिकाच्या हातात सुतळीत ओवलेले सहा बांगडे ठेवले. सारिका म्हणाली, "काकी, मी कसला वाटा घेऊ?" काकी म्हणाली, "दोराक हात लागलो मा? मगे तोंड बंद."

ती बांगडे घेऊन निघाली तेव्हा तांडेल वाटेत उभे होते. ओले, वाळूनं माखलेले. मनगट मोकळं होतं. सात दिवसांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. तांडेलांनी खाडीकडं बघितलं, मग पायांकडं.

"बाय," ते म्हणाले, "उद्या भरती कितीक आसा?"

या माणसानं भरतीची वेळ आयुष्यात कुणाला विचारली नव्हती. झोपेतून उठवून विचारलं तरी मिनिटासकट सांगेल असा माणूस. त्याला भरती विचारायची नव्हतीच. केंद्राच्या तक्त्यात वेळ होती, सहा वाजून पंधरा मिनिटं. तिला ती पाठ होती.

"मला कुठलं ठाऊक असायला?" ती म्हणाली. "मी जतची. तुम्ही सांगाल तेव्हा निघू."

तांडेलांनी टोपी झटकून डोक्यावर चढवली.

"सवासहाक," ते म्हणाले. "सा वाजता धक्क्यार होये सगळी. आणि त्या औशाच्या चेडवाक सांग, पेज जेवन ये म्हणान. रिकाम्या पोटान ओकूक लय त्रास होता."